मिठापासून जिलेबीपर्यंत

पंगतीत मीठ सगळ्यांत आधी जातं. ताटं मांडून झाली, माणसं मांडी घालून बसली, की पहिला वाढपी मिठाची वाटी घेऊन निघतो. तो कुणाशी बोलत नाही, त्याच्याशी कुणी बोलत नाही. चिमूटभर मीठ ताटाच्या माथ्याला ठेवायचं आणि पुढं सरकायचं. मीठ दुसऱ्यांदा कुणी मागत नाही, म्हणून हे काम सगळीकडं लहान पोरांना देतात. मला ते सतराव्या वर्षी मिळालं. माझ्या मामानं दौंडच्या रेल्वे कॉलनीत पेढे वाटले नाहीत एवढंच, बाकी आनंद त्याला तेवढाच झाला होता.

आमचं गाव किनवटच्याही पुढं. नववीत असताना माझी शाळा सुटली. सोडली म्हणत नाही, सुटली. वर्गात उभं राहून वाचायची पाळी आली की छाती आवळून यायची, कानांत शिट्टी वाजायची आणि समोरचं पुस्तक कुठंतरी लांब जायचं. पहिल्यांदा पोरं हसली. मग मी शाळेच्या दिवशी सकाळीच ओकायला लागलो. मग घरातून बाहेर निघेना, मग घरातही चारजणांत बसून जेवेना. आई ताट झाकून ठेवायची, मी सगळे उठून गेले की मोरीच्या कडेला बसून खायचो. शेवटी एका संध्याकाळी नको ते करायला निघालो होतो. आईनं पाहिलं म्हणून राहिलो. त्यावर याहून जास्त लिहावंसं वाटत नाही.

आईचा भाऊ, म्हणजे माझा मामा, दौंडला रेल्वेत कामाला. तो आला, माझी पिशवी भरली आणि मला घेऊन गेला. "हितं बसून काय करायलास? तिकडं चल, पुणं जवळ आहे, डॉक्टर आहेत," एवढंच म्हणाला. गाडीत रात्रभर त्यानं माझा हात सोडला नाही. मी पळून जाईन म्हणून धरला होता की मला बरं वाटावं म्हणून, हे मी अजून विचारलेलं नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, शिरूरला माझ्या वयाच्या पोरापोरींसाठी एक केंद्र आहे, तिथं ऑक्युपेशनल थेरपी सुरू करा. मामानं बाहेर आल्यावर मला समजावलं, "ऑक्युपेशन म्हंजे धंदा. आयटीआयसारखं असंल. काहीतरी काम शिकवतील, बरंय की." घरी येऊन मामीलाही त्यानं तसंच सांगितलं. मामी मूळची दौंडचीच. ती म्हणाली, "व्हय का? मग नोकरी लागंल का न्हाई, ते विचारायचं व्हतं."

केंद्र बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं, दौंडहून मी एसटीनं ये-जा करायचो. खाली पिठाची गिरणी, वर आमच्या खोल्या. गिरणी सुरू झाली की फरशी पायांखाली गुणगुणायची. आम्ही दहाबारा जण असू. कुणाला माझ्यासारखी धडकी, कुणाला आवाज ऐकू यायचे, कुणी हात धुवून धुवून कातडी सोलून घेतलेली, कुणी भर उन्हात लांब बाह्या घालून बसणारी. मी पहिल्या दिवशी दाराशीच चप्पल हातात घेऊन उभा होतो. थेरपिस्ट ताई आल्या. मला वाटलं, आता विचारतील, काय होतं, कधीपासून होतं, आणि माझी वाचा जाणार. त्यांनी माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी दिली. म्हणाल्या, "अडचण नंतर सांग. आधी ही निवडून दे. दुपारी दहाबारा माणसं जेवायची आहेत."

ताईंचं सगळं शिकवणं असंच होतं. कुंडीला पाणी घालणं, बाजारातून टोमॅटो आणणं, पोस्टात रांगेत उभं राहणं, शर्टाचं बटण लावणं. रोजचं जगणंच त्या सुटं करून, एकेक तुकडा आमच्या हातात द्यायच्या. पण त्यांची खरी शाळा भरायची ती दुपारच्या जेवणाला. कारण आम्हा सगळ्यांची दिवसातली सगळ्यात वाईट वेळ तीच होती. कुणी चारचौघांत घास घेत नव्हतं, कुणाला चमच्याचा आवाज सहन होत नव्हता, कुणाला शेजारी खेटून बसलेलं चालत नव्हतं. दुसऱ्या कुणी प्रत्येकाला वेगळा कोपरा दिला असता. ताईंनी बसायच्या पट्ट्या अंथरल्या आणि पंगत मांडली.

वाढायचं आम्हीच. आणि त्यात पायऱ्या होत्या. आधी मीठ. मग पाणी, कारण पाणी मागतात, म्हणजे हाक ऐकावी लागते. मग चपाती, "किती?" एवढं विचारावं लागतं. मग भाजी, भात. मग आमटी, ती गरम असते, सांडते, आणि एकाला घट्ट लागते, एकाला पातळ. आणि सगळ्यात वर गोड. ते कधीमधी असायचं, कुणाचा वाढदिवस असला की.

मिठाच्या पहिल्या दिवशी माझा हात असा थरथरत होता की वाटी ताटाला लागून वाजत होती. मी ताईंकडं बघितलं. त्या लांबूनच म्हणाल्या, "थरथरू दे. सांडलं तर मीठच सांडेल, आमटी नाही."

माझ्या आधी एक मुलगी मिठावर होती, ती आता पाण्यावर गेली होती. इनामगावची. लांब बाह्यांची ती हीच. जिभेनं अशी तिखट की गिरणीवाला सुद्धा तिला टरकून असायचा. ती तांब्या घेऊन माझ्या मागोमाग यायची आणि कुजबुजायची, "ए किनवट, मीठ टाकतोस का रांगोळी काढतोस? तुज्या मागं माझं पाणी गार व्हायलंय." मी "व्हायलंय" म्हणतो म्हणून मला चिडवायला ती मुद्दाम म्हणायची. मग मोठ्यानं, "ताई, ह्याला पाण्यावर यायला दिवाळी लागंल बगा!" दिवाळी लागली नाही. गणपतीतच आलो.

एक नियम मात्र सगळ्यांना पहिल्या दिवसापासून पाठ होता. ताटावर हात आडवा आला की थांबायचं. का, कशाला, थोडंसं घे, एवढंसंच तर आहे, काही म्हणायचं नाही. "इथं हात म्हणजे हात," ताई म्हणायच्या. या नियमाचं मोल मला इनामगाववालीमुळं कळलं. घरी तिला सगळे धरून भरवायचे. आई, आजी, शेजारची काकू. ती जेवढी नाही म्हणायची तेवढं ताट भरायचं. केंद्रात पहिल्यांदा तिनं हात आडवा धरला आणि वाढणारा खरंच पुढं निघून गेला, तेव्हा ती त्याच्या पाठीकडं बघतच राहिली होती म्हणे. मग तिनं हात काढला आणि त्याला हाक मारून चपाती मागून घेतली. मी असताना ती चार चपात्या खायची आणि माझ्या ताटातलं लोणचंही पळवायची.

दौंडला माझं उलट चाललं होतं. मामीचा जीव माझ्यावर होता, आणि तिचा जीव पळीतून बाहेर पडायचा. "एवढीच भाकर? किनवटला काय म्हंतील, मामीनं उपाशी ठेवला?" मी हात धरला की ती हाताच्या बाजूनं वाढायची. मी अर्ध्या ताटावरून उठून जायचो, ती पदर डोळ्याला लावायची. ताईंना हे कळलं तेव्हा त्यांनी मामीला शिरूरला जेवायला बोलावलं. भाषण वगैरे काही दिलं नाही. नुसतं पंगतीत बसवलं.

त्या दिवशी मी आमटीवर होतो. पहिली वाढ झाली, दुसऱ्यांदा फिरलो. मामीनं ताटावर हात धरला. मी थांबलो आणि पुढं गेलो. मामी म्हणाली, "अगं बाई! खरंच गेला की ह्यो!" सगळे हसले, तीही हसली. परत जाताना शिरूरच्या स्टँडवर तिनं दोन भेळी घेतल्या आणि एसटीत बसल्या बसल्या एक संपवली. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाली, "बघतोस काय? मला पायजे व्हती की रं आमटी. चांगली झाली व्हती."

"मग हात कशाला धरला?"

"धरायचाच असतोय. पाव्हण्याच्या घरी लगीच घेत्यात व्हय?" न्हावऱ्याचा थांबा आला तेव्हा तिनं दुसरीही पुडी सोडली आणि म्हणाली, "म्हंजी तू हात धरतोस तवा तुला खरंच नको असतं?"

"हो."

"मला काय म्हाईत," ती म्हणाली. त्या दिवसापासून दौंडच्या घरात माझा हात चालायला लागला. मामी पळी घेऊन यायची, माझा हात दिसला की थबकायची आणि काही न बोलता पळी परत पातेल्यात घालायची. यासाठी तिला केवढे कष्ट पडत होते ते तिच्या मानेच्या शिरांवर दिसायचं. आणि मी जेवायला लागलो.

हे सगळं एवढं सविस्तर सांगितलं, कारण मामीनं एसटीत जे सांगितलं ते मी ऐकूनही विसरलो, आणि पुढं नेमकं तेच आडवं आलं.

मामाला एकच मुलगी. मी तिला अक्का म्हणतो. तिचं लग्न ठरलं ते मांडवगण फराट्याच्या घरात. ऊस, ट्रॅक्टर, सोसायटीच्या निवडणुकीतली माणसं. घरात शब्द चालायचा तो नवरदेवाच्या आजोबांचा. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे, आणि ते खोलीत आले की बसलेले उठायचे. लग्न दौंडला कार्यालयात, जेवण बुफे. पण बैठकीत आप्पांनी एकच गोष्ट मागितली. "बाकी काय बी करा. आमी उभ्यानं खात न्हाई. आमच्या वडीलधाऱ्यांची पंगत बसंल, आन् गोड पोरीकडच्या घरचं माणूस वाढंल. केटरिंगची पोरं न्हाई."

मामानं हो म्हटलं. घरी आल्यावर प्रश्न पडला, वाढणार कोण. गोड वाढायचं ते पोरीच्या भावानं, आणि अक्काला भाऊ नाही.

"माझ्या भावाची पोरं हायेत की," मामी म्हणाली.

"घरचा पोरगा असताना?" मामा म्हणाला.

मी आतल्या खोलीत होतो. "घरचा पोरगा" हे दोन शब्द ऐकून मी पलंगावर नुसता बसून राहिलो. मामीचा आवाज खाली गेला तरी ऐकू येत होता. "मी काय त्याला परका समजती का? पण तिथं छाती धरून खाली बसला तर? शंभर डोळे आसत्यात. त्याचीच शोभा व्हईल. आन् अक्काच्या सासरी कळंल ते येगळंच." ती खोटं बोलत नव्हती. मी त्या आधीच्या महिन्यातच बँकेत रांगेतून पळून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुला वाढायचंय, का मामांना बरं वाटावं म्हणून?"

"दोन्ही."

"चालेल."

आणि त्यांनी लग्नाचीही कोथिंबीर केली. एकेक काडी वेगळी. एका दुपारी आम्ही दौंडला येऊन रिकामं कार्यालय बघून ठेवलं. पंगत कुठं बसेल, दार कुठं, हात धुवायचे नळ कुठं, जीव घाबरला तर मागच्या पायऱ्या कुठं. मग परात. जिलेबीनं भरलेली परात डाव्या हातावर पेलून उजव्या हातानं चिमटा चालवायचा, हे वाटतं तेवढं सोपं नाही. केंद्रात रोज जिलेबी कुठून आणणार? ताईंनी सुतळी भिजवून तिची वेटोळी केली. मी दुपारभर सुतळीच्या जिलेब्या वाढत फिरायचो आणि बाकीचे मांडवगणकर होऊन बसायचे. इनामगाववाली डोक्याला टॉवेल गुंडाळून आप्पा झाली होती. "काय रं ए, जिलबी हाय का चऱ्हाट? आन् त्वांड वर कर की, मी काय ताटात बसलोय का बोलायला?" तोंड वर करणं हेच माझं अवघड होतं. मला हात दिसायचे, ताटं दिसायची. माणसाच्या डोळ्यांकडं बघितलं की कानांत शिट्टी सुरू व्हायची. पण सुतळीपुरतं जमायला लागलं. आणि कुणी हात आडवा धरला की मी थांबायचो. सगळे त्याला सरावलेले. त्यात काही चुकतंय हे कुणाच्याही मनात आलं नाही, ताईंच्याही नाही.

लग्नाच्या दिवशी आई आणि बाबा किनवटहून आले होते. आईनं मला नव्या शर्टात बघितलं आणि कॉलर उगाच तीनतीनदा नीट केली. अक्षता पडल्या. बुफेला झुंबड उडाली. आतल्या दालनात पांढऱ्या चादरी अंथरून मांडवगणची वडीलधारी मंडळी बसली, मध्ये आप्पा, फेटा मांडीवर काढून ठेवलेला. केटरिंगवाल्यांचा एक पोरगा मीठ घेऊन पुढं गेला. मी त्याच्या हाताकडं बघत होतो. छान ठेवत होता, ताटाच्या माथ्याला. मग चटणी, भाज्या, पुऱ्या, भात, सगळं झालं. आणि मामानं माझ्याकडं बघून मान हलवली.

मी परात उचलली. जड होती, बरं वाटलं. सरळ आप्पांसमोर गेलो, वाकलो, आणि "घ्या" म्हणेपर्यंत आप्पांचा हात ताटावर आडवा.

मी थांबलो. पुढं गेलो. त्यांच्या शेजारच्या पाहुण्यांचा हात आडवा. पुढं. त्यांच्या पुढच्यांचा हात आडवा. अख्खी ओळ मी अशी पार केली. मनात म्हणत होतो, एवढं सोपं होतं! इतके दिवस उगाच भ्यालो. शेवटाला पोचलो तेव्हा परात भरलेली होती तशीच होती, आणि दालनात कुणी पहिला घास घेतलेला नव्हता.

"ओ पाव्हणं," आप्पा मामाला म्हणाले, माझ्याकडं न बघता. "जिलबी जेवायला आणली हाय का बघायला?"

कुणीतरी फिसकन हसलं. दुसरा कुणी म्हणाला, "आवो, यंदा पोरीकडं साखरंची टंचाई हाय वाटतं." मामाच्या चेहऱ्यावरचं रक्त गेलं. मामी दारात पदराचं टोक तोंडात धरून उभी होती. केटरिंगचा मालक धावत आला, माझ्या हातातली परात घ्यायला लागला, "दे इकडं, दे, मी बघतो." आणि शिट्टी सुरू झाली. छातीला दोर बांधून कुणीतरी ओढावा तसं. मागच्या पायऱ्या कुठं आहेत हे मला माहीत होतं. डोळे मिटून गेलो असतो.

ताईंनी शिकवलेलं होतं: पळावंसं वाटलं की आधी तळपायांना विचार, खाली काय आहे. खाली फरशी होती, गार. हाताला विचार, काय आहे. परात होती. मालकाच्या हातातून मी ती परत ओढून घेतली. तेव्हा मला मामीचं एसटीतलं बोलणं आठवलं. धरायचाच असतोय.

मी परत आप्पांसमोर गेलो आणि उकिडवा बसलो. आवाज फुटला तो माझा मलाच ओळखू आला नाही. "आप्पा, मी जिथं वाढायला शिकलो तिथं हात आडवा आला की थांबायचं असतं. बळजबरी करायची नसते. तुमच्या पंगतीची रीत मला ठाऊक नाही. कितव्या हाताला थांबायचं ते सांगा, मी तसं वाढतो."

आता आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "कुठं शिकलास वाढायला?"

"शिरूरला."

"हाटेलात?"

हो म्हणून सुटता आलं असतं. पण मला खोटं सुचत नव्हतं, सगळी ताकद जागेवर टिकून राहण्यातच चालली होती. "नाही. माझी तब्येत बरी नव्हती, मनाची. तिथं उपचार घेतो. तिथंच शिकलो."

दारात मामीनं डोळे मिटून घेतलेले मला दिसले. ज्याला ती भीत होती ते मी स्वतःच्या तोंडानं, अख्ख्या मांडवगणसमोर सांगून बसलो होतो. आप्पा ताटाच्या माथ्यावरचं मीठ बोटानं सारखं करत होते.

"बळजबरी करायची न्हाई म्हंतोस."

"नाही."

"मग जरा माझ्या धाकल्या सुनंला बी घिऊन जा त्या शिरूरला. डॉक्टर नगं म्हंतोय तरी साखर घालती च्यात, म्हंती आप्पा लाजत्यात."

हशा उठला तो थांबेचना. कुठल्या तरी बाई बायकांच्या घोळक्यातून ओरडल्या, "आप्पा, आता हितं नगा काढू ते!" आप्पांनी बोट वर केलं. "हे बग पोरा. पैला हात लाजंचा. दुसरा मानाचा. तिसरा आला तर मात्र थांब, त्यो खरा." आणि त्यांनी ताटावर हात धरला. "वाढ आता."

"घ्या आप्पा."

हात तसाच.

"घ्या की. माझ्या अक्काच्या लग्नाची आहे."

हात हलला नाही, पण डोळे हसत होते. ते मी बघितलं. तेव्हा मला कळलं की या कामात डोळ्यांकडं बघितल्याशिवाय चालतच नाही, हातावरून काही समजत नाही. "एक तरी," मी म्हणालो, आणि आप्पांनी हात काढला. मी दोन ठेवल्या. "एक म्हनला व्हतास की रं!" ते म्हणाले, आणि ओळीतली सगळी मंडळी ताटावर हात धरून, आता आपली पाळी म्हणून, लहान पोरांसारखी सावरून बसली.

मी अख्ख्या ओळीला आग्रह केला. एकेकाच्या तोंडाकडं बघून. एका जाडजूड पाहुण्यांनी चौथ्यांदा हात धरला तर शेजारचे त्यांच्यावर धावून गेले, "अरं, चौथा हात कुठनं काढलास?" ओळीच्या शेवटाला एक वाळकेसे गृहस्थ होते, नवरदेवाचे चुलते. त्यांनी हात धरला. मी "घ्या" म्हणायला वर बघितलं आणि थांबलो. त्या डोळ्यांत हसू नव्हतं. मला ती नजर ओळखीची होती, मोरीच्या कडेला बसून जेवायचो तेव्हाची. आजूबाजूचे ओरडले, "घाल की रं, घाल!"

"ह्यांचा पहिलाच खरा आहे," मी म्हणालो आणि उठलो. त्यांनी नुसती मान खाली घातली आणि भाताचा घास घेतला.

आजवर मला बऱ्याच गोष्टी जमल्या. आता मी दौंडलाच मंडपाच्या आणि भांड्यांच्या दुकानात कामाला आहे, बँकेतली रांग पूर्ण करतो, बाहेरून दहावीला बसायचं चाललंय. अजूनही सकाळी उठलो की आधी छाती चाचपून बघतो, आज कशी आहे. पण स्वतःचा अभिमान कशाला म्हणतात हे मला त्या ओळीच्या शेवटाला, त्या न वाढलेल्या जिलेबीजवळ कळलं.

सगळ्यांचं आटोपल्यावर वाढप्यांची पंगत बसली. मामा, मी, केटरिंगची पोरं. बुफेत जेवून झालेल्या ताई आणि इनामगाववाली तिथंच येऊन बसल्या. ताई हसत होत्या. "चूक माझी. तुला सगळं शिकवलं, आग्रह शिकवायचा राहिला."

"मी तर आप्पा झाले व्हते," इनामगाववाली म्हणाली, "मला बी न्हाई सुचलं. ए किनवट, सुतळीची जिलबी राहिलीया का रं, पाव्हण्यांना पाठवू?" माझ्या पाठीवर हात ठेवून मामा नुसता भात कालवत राहिला.

आता वाढायला बायका आल्या होत्या. आईनं जिलेबीची परात घेतली होती. माझ्यासमोर आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. परात खाली ठेवून तिनं मूठभर जिलेबी उचलली. मला भूक होती, पण छाती अजून पुरती सैल झाली नव्हती. माझा हात आपोआप ताटावर आडवा गेला. आईनं तो बाजूला सारला, लहानपणापासून सारत आलीय तसा.

मामी वाकली आणि तिनं आईचं मनगट धरलं. "वन्सं, थांबा. हात हाय त्याचा."

आई गोंधळून तिच्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं. जिलेबी हातात तशीच, पाक बोटांवरून चादरीवर टपकत होता. मला आठवतंय तेव्हापासून आईनं मला कधी विचारून वाढलेलं नव्हतं.

"घालू का रे, लेकरा?"

मी हात काढून घेतला. "एक," म्हणालो.

तिनं एकच ठेवली.